सव्वीस नंबरचा खण

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या बंदरावरचं कोणीही सांगेल. पहाटे चारला उठून जिला सोयाबीन दळावं लागतं तिच्या नाकावर दुसरं काय असणार? मी श्यू-लुआन. तुंगकांगच्या मासळी बाजारामागच्या गल्लीत माझं न्याहारीचं दुकान आहे. सोयाबीनचं दूध, आत सारण भरून वाफवलेले बाओ, मुळ्याच्या वड्या आणि अंड्याचं धिरडं. बाजारातली माणसं मला लुआन ताई म्हणतात आणि धिरडं करपलं तरी निमूट खातात.

आज हे सांगते आहे ते जियान बाईंमुळे. त्यांचे आभार मी तोंडाने एकदाच मानले, तेही तव्याकडे बघत. तेवढ्याने भागत नाही, हे मला ठाऊक आहे.

आ-युन ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ जिन-फा टूना पकडायच्या मोठ्या बोटीवर असतो, दीड-दोन वर्षांनी एकदा घरी येतो. पोरीच्या आईने तैपेईत दुसरा संसार थाटला. त्यामुळे शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सही माझी, आणि वेणी घालताना शिव्याही माझ्याच.

पोरगी दुकानात हुशार. सकाळच्या गर्दीत चाळीस गिऱ्हाइकं असली तरी कोणाला धिरड्यात कांद्याची पात नको, कोणाला दूध बिनसाखरेचं, हे तिला तोंडपाठ. गिऱ्हाईक कागदावर खुणा करून देतं. ती त्या कागदाकडे ढुंकूनही बघत नाही, तोंड बघून बशी नेऊन ठेवते. मला कौतुक वाटायचं. कागदाकडे ती का बघत नाही, हा प्रश्न मला कधीच पडला नाही.

तिसरीत गेली आणि सोंग उघडं पडलं. पहिली-दुसरीचे धडे तिने कानांनी पाठ केले होते. पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायची आणि मी तिच्या वहीत खुशाल सही ठोकायची. तिसरीत धडे लांबले. शुद्धलेखनात शंभरपैकी बारा. गणितात चौदाचे एक्केचाळीस. वर्गातली पोरं हसू लागली, आणि दर सोमवारी सकाळी हिच्या पोटात दुखू लागलं.

मग एक दिवस जियान बाई आल्या. काडीसारखी बारीक मुलगी, तिशीचीही नसेल, डोक्यावर टरबुजाएवढं हेल्मेट. शाळेच्या मदत-वर्गाच्या त्या शिक्षिका. ज्या मुलांना वाचन आणि गणित अडतं, त्यांना रोज दोन तास त्यांच्याकडे पाठवायचं. परीक्षेत प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायचे, वेळ जास्त द्यायचा. आ-युनची तपासणी झाली होती. फक्त माझी सही हवी होती.

"म्हणजे गुरं राखायचा वर्ग," मी म्हटलं. "हल्ली नाव बदललंय वाटतं?"

बाईंचा चेहरा पडला. तरुण असल्या तरी त्यांना तो शब्द ठाऊक होता. आमच्या वेळी माध्यमिक शाळेत मुलांना मार्कांप्रमाणे वर्गांत वाटायचे, आणि जिन्याखालच्या शेवटच्या वर्गाला सगळे तेच म्हणायचे. शिकवायचं काही नाही, नुसतं कोंडून ठेवायचं, रानात गुरं सोडावीत तसं. मास्तर पेपर वाचत बसायचा. आमचा जिन-फा तेराव्या वर्षी त्या वर्गात गेला. बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा पोरगा, पण अक्षर दिसलं की घाम फुटायचा. एकदा मास्तरांनी त्याला सगळ्या शाळेसमोर नोटीस वाचायला उभं केलं. तो वाचू शकला नाही, उभाच राहिला. पंधराव्या वर्षी त्याने दप्तर जेटीवरून पाण्यात टाकलं आणि बोटीवर चढला. मी तिथेच होते. दप्तर बुडताना बघितलं, पण त्याला अडवलं नाही.

"तसा वर्ग नाही हो हा," बाई म्हणाल्या.

"त्या वेळीही असंच सांगितलं होतं. जिला चाळीस जणांच्या आवडीनिवडी पाठ आहेत, ती मठ्ठ?"

"मठ्ठ नाहीच ती. म्हणून तर आले."

"मग जा आता. माझं दूध उतू जातंय."

त्या गेल्या, कागद मात्र टेबलावर ठेवून गेल्या. मी तो एप्रनच्या खिशात कोंबला. राग खरा होता, पण भीतीही होती. न पाठवून चुकलं तर? पाठवून चुकलं तर? बोटीवर फोन लावला, तर जिन-फा एवढंच म्हणाला, "ताई, तू बघ. मला त्यातलं काय कळतं?"

आमच्याकडे असा पेच पडला की कुआन-यिन देवीच्या देवळात जाऊन कौल घ्यायचा. बुधवारी शाळा अर्धी असते. दुपारी दुकान बंद करून पोरीला घेऊन गेले. गुडघे टेकून देवीला नाव-पत्ता सांगितला आणि विचारलं, "पोरीला त्या वर्गात घालू का?" बांबूच्या काड्यांचा डबा हलवला. एक काडी वर आली. लाकडी ठोकळे टाकून विचारलं, हीच ना? ठोकळ्यांनी हो म्हटलं. आता काडीवरचा आकडा बघायचा आणि भिंतीवरच्या शंभर खणांपैकी त्याच आकड्याचा खण उघडून चिठ्ठी घ्यायची. माझा चष्मा दुकानात राहिला होता, आणि एकदा टेकलेला गुडघा सहज उठत नाही.

"बघ गं काय आकडा आहे."

"दोन आणि सहा," आ-युन म्हणाली.

सव्वीस! जिन-फा जन्मला तीच तारीख. अंगावर काटा आला. म्हटलं, देवी नेमकी आमच्याच घराबद्दल बोलते आहे. "जा, सव्वीसचा खण उघड, चिठ्ठी काकांना दे."

चिठ्ठ्यांचा अर्थ सांगायला देवळात खू काका बसतात. बंदराच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त. त्यांनी चिठ्ठी नाकाशी धरून वाचली आणि म्हणाले, "बांधलेली नाव सोडू नका, असं आहे. दोर सैल केला की वाहून जाईल. भरतीची वाट बघा."

झालं. म्हणजे पोरीला वर्गातून हलवायचं नाही. मी ती चिठ्ठी तव्याच्या वरच्या भिंतीला चिकटपट्टीने लावली. दुसऱ्या दिवशी जियान बाई आल्या, तेव्हा उलथण्याने ती चिठ्ठी दाखवली. "देवीने नाही सांगितलंय."

दुसरी कोणी असती तर वाद घातला असता, नाहीतर मला अडाणी म्हणून तोंड फिरवून गेली असती. बाईंनी चिठ्ठीला हात जोडले. मग हेल्मेट काढून फ्रीजजवळच्या टेबलाशी बसल्या. "एक अंड्याचं धिरडं द्या. ते खायला तर सही लागत नाही ना?"

त्या दिवसापासून बाई रोज सकाळी सहाला हजर. शाळा सुरू व्हायला पुष्कळ वेळ असायचा. धिरडं मागवायच्या आणि सहज म्हणून आ-युनला हाक मारायच्या. "युन, जरा ये गं. हे बाओ मोजून दे मला." मी कानाडोळा करायची. गिऱ्हाइकाने पोरीशी बोलू नये, असा काही कायदा नाही.

माझ्या बांबूच्या करंडीत बरोबर दहा बाओ राहतात. बाईंनी तेच धरलं. "भरलेली करंडी म्हणजे एक दहा. करंडीबाहेर उरले ते सुट्टे. आधी करंड्या सांगायच्या, मग सुट्टे." आ-युन हात लावून मोजायची. "तीन करंड्या, पाच सुट्टे." मग बाई तेच कागदावर लिहायच्या, करंड्यांचा आकडा लाल पेन्सिलीने, सुट्ट्यांचा निळ्या. असं दोन-दोन महिने. मी तव्यावर उभी राहून चरफडायची. पाच वर्षांच्या पोराला येतं ते, नऊ वर्षांच्या घोडीला इतक्यांदा कशाला? एकदा न राहवून म्हटलंच, "अहो, पस्तीस! किती वेळा सांगायचं तिला?"

"तिला लागेल तितक्या वेळा," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला घाई नाही. माझं धिरडं अजून यायचंय."

गल्लीतली सगळी गिऱ्हाइकं हसली. मला जन्मात असं कोणी माझ्याच दुकानात गप्प केलं नव्हतं.

वाचनाची तऱ्हा आणखी वेगळी. आ-युन म्हणायची, अक्षरं जागची हलतात, शेजारच्या ओळीत घुसतात. मी याला आळस म्हणत आले होते. बाईंनी अंड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याला एका ओळीएवढी खिडकी कापली आणि ओळीवर ठेवली. बाकीचं पान झाकलं गेलं. "आता बघ. बाकीची मंडळी घराबाहेर." आणि एक नियम घातला. अंदाजाने काही बोलायचं नाही. अक्षर आलं नाही तर म्हणायचं, "अडले." बाई अक्षर सांगायच्या, पोरगी पुढे जायची. 'अडले' म्हटल्यावर कोणी हसायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही. तो सुस्कारा माझ्यासाठी होता, हे मी ओळखलं.

पहिल्या आठवड्यात एका ओळीत सहा-सहा वेळा 'अडले'. थंडी संपेपर्यंत तीनवर आलं.

आता वाटेल, सगळं सुरळीत चाललं होतं. नाही. सकाळची वीस मिनिटं ती कितीशी? शाळेत तिला तोच पेपर, तितकाच वेळ, तेच शून्य. प्रश्न वाचून होईतो घंटा व्हायची. एप्रिलमध्ये एक दिवस बाओला चुण्या घालता घालता ती सहज म्हणाली, "आत्या, मी मोठी झाले ना, की बाबांबरोबर बोटीवर जाणार. तिथे वाचावं लागत नाही."

माझ्या हातातला बाओ फुटला.  तव्याच्या वरती देवीची चिठ्ठी होती, तेलाने पिवळी पडलेली. बांधलेली नाव सोडू नका. मी नाव बांधूनच ठेवली होती, आणि पोरगी तर आपल्या पायांनी त्याच जेटीकडे निघाली होती.

मेमधल्या एका बुधवारी बाई धिरडं न मागवता उभ्याच राहिल्या. "लुआन ताई, शुक्रवारी मदत-वर्गाची समिती बसते. तोवर सही आली नाही तर पुढचं वर्षही असंच जाईल. तपासणी पुन्हा पहिल्यापासून. चौथीचे पेपर आणखी लांब असतात."

त्या बरोबरच बोलत होत्या, आणि त्याचाच मला राग आला. माझ्या मनात हो होतं आणि डोक्यावर देवीचं नाही. माणूस असा मधे सापडला की ओरडतो. मी हात वर करून चिठ्ठी फर्रकन ओढली आणि त्यांच्या टेबलावर आपटली. "मला काय सांगता? या चिठ्ठीला सांगा! वाचा काय लिहिलंय ते! मी माझ्या मनाने करते का हे? देवीच्या शब्दाबाहेर जाऊ? उद्या पोरीचं काही झालं तर तुम्ही येणार का निस्तरायला?"

आ-युन तिथेच करंडी घेऊन उभी होती. आठ महिने ती चिठ्ठी तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. आज ती नाकासमोर आली. तिचं बोट सवयीने वरच्या आकड्यावर गेलं.

"सहा करंड्या," ती पुटपुटली. "दोन सुट्टे."

"काय?"

"बासष्ट." तिने मान वर केली. "आत्या, आपला तर सव्वीस होता ना? दोन करंड्या, सहा सुट्टे."

मी चष्मा लावला. चिठ्ठीच्या माथ्यावर स्पष्ट बासष्ट. आठ महिने रोज माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी आकडा वाचला नव्हता. अर्थ काकांनी सांगितला होता, आकड्याशी मला काय करायचं होतं?

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. काय झालंय ते तिला माझ्या आधी कळलं. "मी चुकीचा खण उघडला," ती म्हणाली. "आत्या, मीच उघडला. दुसऱ्या कोणाचा तरी कौल आणला." आणि तिने दोन्ही हात गालांवर धरले, थोबाडीत बसणार म्हणून.

तव्यावर धिरडं जळायला लागलं. दारातली चार गिऱ्हाइकं माना खाली घालून बशीत बघत बसली. जियान बाईंना बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. 'बघितलंत? म्हणूनच तर तिला मदत हवी' एवढं त्या म्हणाल्या असत्या तर मी काय तोंड दाखवलं असतं? त्या काहीच बोलल्या नाहीत. उठल्या, माझ्या हातातलं उलथणं घेतलं आणि जळकं धिरडं काढून टाकलं. त्या गप्प राहिल्या, याचे उपकार मी जन्मभर विसरायची नाही.

मी पोरीचे हात गालांवरून खाली घेतले. गालावरचं पीठ पुसलं. शेवटी म्हटलं, "शाळेतून लवकर ये. देवळात जायचंय."

दुपारी खू काका डुलक्या घेत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "खण चुकला? आठ महिने दुसऱ्याचा कौल घरात लावून बसलीस, लुआन? अगं, मग त्या बिचाऱ्या बासष्टवाल्याचं काय झालं असेल?"

"काका, थट्टा पुरे. सव्वीस घेऊ का आता?"

"शिळा झाला तो. देवीला विचार, चालेल का."

गुडघे टेकले. "आई," मी म्हटलं, "तू सव्वीस दिला होतास, आम्ही बासष्ट घेऊन गेलो. पोरीची चूक नाही, चष्मा मी विसरले होते. आता सव्वीस घेतला तर चालेल का?" ठोकळे टाकले. दोन्हींच्याही सपाट बाजू वर. आमच्याकडे याचा अर्थ, देवी हसते आहे. पुन्हा टाकले. पुन्हा हसली.

"हसू दे, हसू दे," खू काका म्हणाले. "हसण्यासारखंच आहे."

तिसऱ्यांदा एक सपाट, एक पालथा. हो.

आ-युन भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. शंभर खण, छोटे छोटे, पितळी कड्यांचे. मी हाक मारणार होते, जीभ चावून गप्प बसले. तिने बोट आधी एका खणावर ठेवलं, काढलं. ओठ हलत होते. मग दुसऱ्या खणावर ठेवलं, आकड्याला हात लावला, दोन करंड्या, सहा सुट्टे, आणि कडी ओढली. चिठ्ठी घेऊन आली तेव्हा तिच्या नाकावर घाम होता.

खू काकांनी हात पुढे केला. "आण इकडे."

"थांबा काका," मी म्हटलं. "ती वाचेल."

"ही? अगं, हे जुन्या काळचं लिहिणं. मोठ्यामोठ्यांना लागत नाही."

"तुम्हाला कुठे जायचंय का? मग बसा."

आ-युनने माझ्याकडे बघितलं, मी खरंच म्हणते आहे का ते बघायला. मग खिशातून तिचा पुठ्ठा काढला, कडा मळलेल्या, कोपऱ्यात अजून अंड्याच्या खोक्यावरची कोंबडी. चिठ्ठीवरच्या ओळी वरून खाली जातात; खिडकी उभी धरून पहिल्या ओळीवर ठेवली. आणि वाचायला लागली.

पहिलं अक्षर आलं. दुसरं आलं. "अडले," ती म्हणाली. काकांनी सुस्कारा टाकायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की तो तोंडातच राहिला. त्यांनी अक्षर सांगितलं. ती पुढे गेली. मग तीन अक्षरं सलग. "अडले." काकांनी सांगितलं, या वेळी हळू आवाजात. दुसऱ्या ओळीला ते खुर्ची सरकवून जवळ आले, तिसरीला स्वतःच पुठ्ठ्यावर वाकले, आणि चौथ्या ओळीत ती न अडता शेवटपर्यंत गेली, तेव्हा म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "वा गं पोरी!"

मी रडत होते. देवळात उदबत्तीच्या धुराने डोळ्यांत पाणी येतं, पण ते तसलं नव्हतं. तेहेतीस वर्षांपूर्वी एक पोरगा शाळेसमोर नोटीस धरून उभा राहिला होता. त्याला 'अडले' म्हणायची सोय कोणी दिली नव्हती, आणि शेजारी येऊन एक अक्षर सांगायला कोणी उठलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"अर्थ सांगू?" काकांनी विचारलं. "तसा मध्यम कौल आहे, फार चांगला नाही, पण..."

"नको," मी म्हटलं. "मला कळलं."

एप्रनच्या खिशातून कागद काढला. आठ महिन्यांत त्यावर पीठ, तेल, अंडं, सगळं सांडून झालं होतं. काकांचं पेन घेतलं, देवीपुढच्या नैवेद्याच्या टेबलावर ठेवून सही केली. आ-युनने तो दोन्ही हातांत धरून शाळेत पोचवला, मी स्कूटर चालवत असताना माझ्या पाठीला लावून, वाऱ्याने उडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दाराकडे बघत होते. आता यायचं कारण काय? सही मिळाली होती. पण टरबुजाएवढं हेल्मेट आलंच, आणि फ्रीजजवळच्या टेबलाशी बसलं.

"आज कशाला आलात?"

"भूक लागली म्हणून," बाई म्हणाल्या.

मी दोन अंडी फोडून धिरडं घातलं. ते उलटताना, पाठ तशीच ठेवून, म्हटलं, "तुमचे फार उपकार आहेत, बाई." तव्याचा आवाज मोठा होता. ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मी बशी ठेवली तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, आणि त्या म्हणाल्या तिखट जास्त पडलंय. मी तिखट घातलंच नव्हतं.

माझ्यामुळे पोरीचे आठ महिने गेले, हे मी नाकारत नाही. पण कधीकधी वाटतं, त्या दिवशी तिने बरोबर खण उघडला असता, तर कदाचित मी सही करून मोकळी झाले असते, आणि बाई तिला शाळेत बंद दाराआड शिकवत राहिल्या असत्या. माझ्या तव्यापासून चार हातांवर जे आठ महिने चाललं, ते मला दिसलं नसतं. 'किती वेळा सांगायचं' या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नसतं. म्हणून नवीन वर्षाला उदबत्ती लावताना मी त्या बासष्ट नंबरच्या खणालाही हात जोडते. खू काका हसतात, हसू देत.

सही केली त्याच आठवड्यात, रविवारी, जिन-फाचा फोन आला. बोटीवरून आवाज तुटत येतो, मागे इंजिनाची घरघर. मी त्याला सगळं सांगितलं, सहीचंही. 

"गुरं राखायचा वर्ग नाही ना, ताई?"

"नाही. मी डोळ्यांनी बघितलंय. आणि जिन-फा, ऐक. तुझंही हेच होतं. तू मठ्ठ नव्हतास. तेव्हा मला कळलं नाही, मी तुला अडवायला हवं होतं."

घरघर चालू राहिली. मग तो म्हणाला, "युनला दे."

तिने फोन बाओच्या करंडीला टेकवून उभा केला आणि बापाला सव्वीस नंबरची चिठ्ठी वाचून दाखवली. पुठ्ठा सरकवत, मधेमधे थांबत. "अडले," ती म्हणाली, आणि अक्षर मी सांगितलं.

"अडले म्हणजे काय गं?" जिन-फाने विचारलं.

"म्हणजे इथे मला येत नाही. मग बाई सांगतात, आणि मी पुढे जाते."

"ओरडत नाहीत?"

"नाही."

"हसतं का कोणी?"

"नाही, बाबा."

"एवढंच?" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, आणि ते फोनमुळे नव्हतं. "एवढंच करायचं असतं?"

"एवढंच, बाबा."

इंजिनाची घरघर वाढली. मला वाटलं फोन तुटला. मग समुद्रावरून त्याचा आवाज आला, "परत वाच ना. हळू वाच, मीही बघतो जमतं का तुझ्या मागून म्हणायला."

आ-युनने पुठ्ठ्याची खिडकी पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवली.